शंभरांपैकी किती?
फुफ्फुसाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि त्यानंतरची पाच वर्षे



आमच्या महाविद्यालयाच्या भौतिकीच्या प्रयोगशाळेत गेली २०-२२ वर्षे काम करणारे एक सहायक आहेत. विद्यार्थी आणि प्राध्यापक, सारेच त्यांना 'मामा' म्हणतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हर्नियाचे ऑपरेशन ठरले. त्याआधीची नेहमीची तपासणी म्हणून छातीचे क्ष-किरण चित्र काढले, तर उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात एक डाग दिसला. मग सी.टी. स्कॅन झाला, सुईने तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला गेला आणि निदान कर्करोगाचे निघाले. उजव्या फुफ्फुसाचा खालचा खंड शस्त्रक्रियेने काढून टाकण्यात आला.

मामा घरी आल्यावर आठ-दहा दिवसांनी त्यांची दहावीत शिकणारी मुलगी रुग्णालयाचे कागद घेऊन माझ्याकडे आली. कागदावर 'अवस्था २ ब' असे लिहिलेले होते. डॉक्टरांनी तिला सांगितले होते की या अवस्थेत पाच वर्षांचे प्रमाण शंभरात ५६ असते. तिने विचारले, "सर, म्हणजे बाबा ५६ टक्के बरे झाले का?"

मी वैद्य नाही, भौतिकी शिकवतो. पण हा प्रश्न जितका वैद्यकाचा आहे तितकाच मोजमापाचाही आहे. तेव्हा दोन-तीन संध्याकाळी आम्ही दोघांनी बसून तो उलगडला. तोच धडा आज तुमच्यापुढे ठेवतो.

एक डॉक्टर आणि त्यांचा रुग्ण

५ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेतील सेंट लुईस शहराच्या बार्न्स रुग्णालयात डॉ. एव्हार्ट्‌स ग्रॅहॅम यांनी एका रुग्णाचे डावे फुफ्फुस संपूर्ण काढून टाकले. कर्करोगासाठी एक संपूर्ण फुफ्फुस एकाच बैठकीत काढण्याची ही पहिली यशस्वी शस्त्रक्रिया. बेत फक्त एक खंड काढण्याचा होता. पण छाती उघडल्यावर असे दिसले की गाठ श्वासनलिकेच्या फाट्याला इतकी चिकटून आहे की तेवढ्याने भागणार नाही. रुग्ण होते पिट्‌सबर्गचे डॉ. जेम्स गिलमोर. वय ४८, व्यवसाय प्रसूतितज्ज्ञाचा.

गिलमोर या शस्त्रक्रियेनंतर किती वर्षे जगले असतील? दोन? पाच? ते ३० वर्षे जगले आणि १९६३ मध्ये वारले. त्यांचे शल्यविशारद ग्रॅहॅम मात्र त्यांच्याआधी, १९५७ साली गेले, आणि तेही फुफ्फुसाच्याच कर्करोगाने. ग्रॅहॅम अनेक वर्षे सिगारेट ओढत असत. सिगारेटमुळे हा रोग होतो यावर त्यांचा आधी विश्वास नव्हता. पण अर्न्स्ट वाइंडर या तरुण विद्यार्थ्याबरोबर त्यांनी ६८४ रुग्णांची माहिती गोळा केली आणि १९५० साली दोघांनी मिळून सिगारेट व हा रोग यांचा संबंध प्रसिद्ध केला. त्यानंतर त्यांनी सिगारेट सोडली, पण फार उशीर झाला होता. त्यांचा रोग दोन्ही फुफ्फुसांत पसरलेला होता, त्यामुळे शस्त्रक्रियेला वावच नव्हता.

एक रुग्ण ३० वर्षे जगतो, दुसऱ्याची शस्त्रक्रियाही होऊ शकत नाही. हा फरक केवळ नशिबाचा नाही. त्यामागे कारणे आहेत, आणि त्यांतली बरीचशी मोजता येतात.

प्रमाण काढतात कसे?

'शंभरात ५६' हा आकडा एकट्या रुग्णाचा नसतो, समूहाचा असतो. त्याच अवस्थेतील पुष्कळ रुग्णांची शस्त्रक्रिया झाली, त्यांपैकी पाच वर्षांनंतर किती हयात होते, एवढेच तो सांगतो. कोणी ५६ टक्के बरा होत नाही. म्हणजे मुलीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर 'नाही' असे होते.

पण हे प्रमाण काढणे वाटते तितके सोपे नाही. कोणी गाव सोडून जातो आणि त्याचा पत्ता लागत नाही. कोणाची शस्त्रक्रिया होऊन दोनच वर्षे झालेली असतात, त्याची पाच वर्षे अजून भरायची असतात. अशांचे काय करायचे?

यावरची युक्ती १९५८ साली एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर या दोघांनी प्रसिद्ध केली. गंमत अशी की मायर कर्करोगाच्या रुग्णांचा विचार करीत होते, तर बेल प्रयोगशाळेतील कॅप्लन यांच्यापुढे प्रश्न होता तो समुद्राखालच्या टेलिफोन केबलमधील निर्वात नलिका किती काळ टिकतात याचा! दोघांनी स्वतंत्रपणे लेख पाठवले होते. गणित एकच असल्यामुळे संपादकांनी त्यांना एकत्र लिहायला सांगितले. नलिका जळणे काय आणि रुग्ण दगावणे काय, हिशेबाची रीत तीच.

आपण एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, १० रुग्णांची शस्त्रक्रिया झाली.

पहिले वर्ष : १० पैकी १ दगावला. उरण्याचे प्रमाण ९/१०.
दुसरे वर्ष : ९ पैकी १ दगावला. प्रमाण ८/९. वर्षअखेर २ रुग्णांचा संपर्क तुटला. निरीक्षणाखाली उरले ६.
तिसरे वर्ष : ६ पैकी १ दगावला. प्रमाण ५/६.
चौथे वर्ष : ५ पैकी कोणीही नाही. प्रमाण ५/५. वर्षअखेर आणखी एकाचा संपर्क तुटला, उरले ४.
पाचवे वर्ष : ४ पैकी १ दगावला. प्रमाण ३/४.

आता हे सारे अपूर्णांक गुणा :
९/१० × ८/९ × ५/६ × ५/५ × ३/४ = १/२, म्हणजे ५० टक्के.

संपर्क तुटलेले तिघेही हयात आहेत असे धरले असते तर उत्तर ६० टक्के आले असते. तिघेही गेले असे धरले असते तर ३० टक्के. कॅप्लन-मायर यांची रीत असे काहीच गृहीत धरत नाही. रुग्ण जितका काळ दिसला तितकीच त्याची साक्ष ती घेते. आज जगभर कर्करोगाच्या जवळजवळ प्रत्येक शोधनिबंधात जो पायऱ्यापायऱ्यांचा उतरता आलेख दिसतो, तो याच रीतीने काढलेला असतो.

पहिले कारण : रोग कोठवर पोहोचला?

शस्त्रक्रियेनंतरच्या आयुष्यावर सर्वांत मोठा परिणाम करणारी गोष्ट म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळी रोग किती पसरला होता ही. डॉक्टर तीन गोष्टी पाहतात : गाठीचा आकार आणि तिची आजूबाजूच्या भागांतील घुसखोरी, लसिकाग्रंथींतील प्रसार, आणि यकृत, मेंदू, हाडे अशा दूरच्या अवयवांतील प्रसार. या तिन्हींवरून 'अवस्था' ठरते.

गाठीचा आकार एवढा महत्त्वाचा का? थोडे गणित करू. कर्कपेशी दुभंगून एकीच्या दोन, दोहोंच्या चार अशा वाढतात. १ घन सेंटिमीटर गाठीत सुमारे १०० कोटी पेशी असतात. २ चा ३० वा घात म्हणजे साधारण १०७ कोटी. म्हणजे एका पेशीपासून एवढी गाठ होण्यास सुमारे ३० वेळा दुप्पट व्हावे लागते. अशा गोल गाठीचा व्यास सव्वा सेंटिमीटर भरतो. यापुढे व्यास दुप्पट होण्यास आकारमान आठपट व्हावे लागते, म्हणजे फक्त तीन दुपटी. तेव्हा ५ सेंटिमीटरची गाठ म्हणजे ३६ दुपटी. आपल्याला गाठ दिसू लागते तेव्हा तिच्या प्रवासाचा फार मोठा भाग आधीच उरकलेला असतो! प्रत्यक्षात वाढ इतकी नियमित नसते, पुष्कळ पेशी मरतातही. पण लहान गाठ सापडणे हे किती मोलाचे, ते या हिशेबावरून कळते.

१६ देशांतील ९४,००० हून अधिक रुग्णांच्या नोंदींवरून २०१६ साली अवस्थांची जी मांडणी प्रसिद्ध झाली, तीमधील पाच वर्षांची प्रमाणे खाली दिली आहेत. काढलेला भाग तपासून ज्यांची अवस्था निश्चित झाली, अशा रुग्णांची ही प्रमाणे आहेत.

अवस्था १ अ, गाठ १ सेंमीपर्यंत : ९० टक्के
अवस्था १ अ, गाठ १ ते २ सेंमी : ८५ टक्के
अवस्था १ अ, गाठ २ ते ३ सेंमी : ८० टक्के
अवस्था १ ब : ७३ टक्के
अवस्था २ अ : ६५ टक्के
अवस्था २ ब : ५६ टक्के
अवस्था ३ अ : ४१ टक्के

मामांची गाठ साडेतीन सेंटिमीटरची होती. लसिकाग्रंथी स्वच्छ असत्या तर अवस्था १ ब ठरली असती, म्हणजे ७३ टक्के. पण फुफ्फुसाच्या आतील एका लसिकाग्रंथीत कर्कपेशी सापडल्या आणि अवस्था २ ब झाली.

लसिकाग्रंथी म्हणजे शरीराच्या गाळण्याच. फुफ्फुसातून निघालेल्या कर्कपेशी प्रथम जवळच्या ग्रंथींत अडकतात, मग दोन्ही फुफ्फुसांमधल्या जागेतील ग्रंथींत. त्याच मांडणीतील आकडे पाहा. ग्रंथी स्वच्छ असतील तर पाच वर्षांचे प्रमाण ७५ टक्के. फुफ्फुसातील ग्रंथींत रोग असेल तर ४९. मधल्या जागेतील त्याच बाजूच्या ग्रंथींत असेल तर ३६. म्हणून चांगला शल्यविशारद गाठ काढून थांबत नाही. तो या ग्रंथीही काढून तपासणीला पाठवतो. ग्रंथी तपासल्याच नाहीत तर रोग नाही असे ठरत नाही, तो पाहिला गेला नाही एवढेच ठरते.

दुसरे कारण : किती कापावे?

उजव्या फुफ्फुसाला तीन खंड असतात आणि डाव्याला दोन. प्रत्येक खंडाचे पुन्हा लहान विभाग असतात. सारे फुफ्फुस काढावे, एक खंड काढावा, की एखादाच विभाग?

दोन गोष्टींची येथे ओढाताण असते. जास्त कापावे तर रोग मागे राहण्याची भीती कमी, पण श्वासाला फुफ्फुसही कमी उरते. कमी कापावे तर याच्या उलट. संपूर्ण फुफ्फुस काढल्यावर रुग्णालयातच दगावण्याचा धोका एक खंड काढण्यापेक्षा कित्येक पटींनी अधिक असतो. म्हणून आज शक्य असेल तेथे खंडावरच भागवतात. मात्र कापलेल्या कडेवर कर्कपेशी उरता कामा नयेत. कड स्वच्छ नसेल तर बाकी सारे कौशल्य वाया जाते.

खंडापेक्षाही कमी कापले तर? १९९५ साली उत्तर अमेरिकेतील २४७ रुग्णांच्या पाहणीत असे आढळले की लहान तुकडाच काढलेल्यांत रोग त्याच जागी उलटण्याचे प्रमाण सुमारे तिप्पट होते. त्यामुळे पुढे पाव शतकाहून अधिक काळ 'संपूर्ण खंड काढावा' हाच नियम राहिला. मग २०२२ साली जपानमधील १,१०६ रुग्णांच्या पाहणीचे निष्कर्ष आले. २ सेंटिमीटरपर्यंतच्या, फुफ्फुसाच्या बाहेरील भागातील गाठींसाठी निम्म्या रुग्णांचा पूर्ण खंड काढला होता आणि निम्म्यांचा फक्त एखादा विभाग. विभाग काढलेल्यांत रोग त्या जागी उलटण्याचे प्रमाण अधिकच होते : १०.५ टक्के, विरुद्ध ५.४ टक्के. पण पाच वर्षांनी हयात किती? विभाग काढलेल्यांपैकी ९४.३ टक्के आणि खंड काढलेल्यांपैकी ९१.१ टक्के!

हे कसे? खंड काढलेल्या गटात इतर आजारांनी गेलेल्यांची संख्या जास्त होती. वाचवलेले फुफ्फुस पुढच्या आजारपणात कामी येत असावे. १९९५ चा नियम तेव्हाच्या पुराव्यावर उभा होता. आता गाठी लहान असतानाच सापडू लागल्या आणि पुरावाही बदलला. लक्षात ठेवा, ही सवलत फक्त लहान गाठींना आहे.

शस्त्रक्रिया कोठे होते यालाही महत्त्व आहे. जेथे अशा शस्त्रक्रिया नेहमी होतात, तेथील निष्कर्ष एकंदरीने चांगले असतात. हात सरावतो तसा सारा चमूही सरावतो.

तिसरे कारण : उरलेला श्वास

आता भौतिकीच्या विद्यार्थ्यांना आवडेल असा भाग. शस्त्रक्रियेआधी रुग्णाला एका नळीत जोराने फुंकायला लावतात आणि पहिल्या सेकंदात किती लिटर हवा बाहेर पडली ते मोजतात. मग शस्त्रक्रियेनंतर किती पडेल याचा अंदाज करतात. रीत अगदी सोपी आहे. दोन्ही फुफ्फुसांचे मिळून १९ विभाग धरतात :

उजवे : वरचा खंड ३, मधला २, खालचा ५, एकूण १०.
डावे : वरचा खंड ५, खालचा ४, एकूण ९.

मामांची हवा पहिल्या सेकंदाला १.९ लिटर भरली. त्यांचे वय आणि उंची पाहता ती २.८ लिटर असायला हवी होती. उरलेली विडीने नेली होती. खालच्या उजव्या खंडाचे ५ विभाग गेले, म्हणजे १४ उरले.

१.९ × १४/१९ = १.४ लिटर. अपेक्षित २.८ च्या हे बरोबर ५० टक्के.

संपूर्ण उजवे फुफ्फुस काढावे लागले असते तर? १.९ × ९/१९ = ०.९ लिटर, म्हणजे जेमतेम ३२ टक्के.

याखेरीज हवेतून रक्तात वायू किती वेगाने शिरतो हेही तपासतात. हवा आत-बाहेर होणे वेगळे आणि ती रक्तात पोहोचणे वेगळे. त्यासाठी अगदी अल्प कार्बन मोनॉक्साइड हुंगायला देऊन त्यातला किती शोषला गेला ते मोजतात. शस्त्रक्रियेनंतरचे दोन्ही अंदाज ६० टक्क्यांच्या वर असतील तर धोका कमी समजतात. एखादा ६० च्या खाली, पण दोन्ही ३० च्या वर असतील, तर रुग्णाला जिना चढायला लावतात! ३० च्या खाली गेल्यास सायकल चालवताना प्राणवायू किती वापरला जातो, अशी कसून तपासणी होते.

२०१३ च्या अमेरिकन मार्गदर्शिकेप्रमाणे २२ मीटर उंची चढता आली तर धोका कमी. एक पायरी १५ सेंटिमीटरची धरली तर साधारण १४७ पायऱ्या, म्हणजे सहा-सात मजले झाले. ६० किलोग्रॅमच्या माणसाला यासाठी किती कार्य करावे लागेल?

कार्य = वस्तुमान × गुरुत्वत्वरण × उंची = ६० × ९.८ × २२ = १२,९३६ जूल.

हे तो दोन मिनिटांत चढला तर शक्ती सुमारे १०८ वॅट. एका जुन्या पिवळ्या दिव्याइतकी! एवढी शक्ती पुरवायला हृदय, फुफ्फुसे आणि स्नायू या तिघांनीही साथ द्यावी लागते. जिना एकाच वेळी तिघांची परीक्षा घेतो. मामा मध्ये न थांबता चढले, म्हणून शस्त्रक्रिया ठरली.

यावरून हेही कळेल की नुसते वय फारसे काही सांगत नाही. ७५ वर्षांचा काटक शेतकरी एखाद्या ५५ वर्षांच्या, मधुमेह आणि हृदयविकार असलेल्या माणसापेक्षा शस्त्रक्रिया अधिक चांगली सोसू शकतो.

चौथे कारण : पेशींची जात आणि नंतरची औषधे

फुफ्फुसाच्या कर्करोगाचे दोन मोठे वर्ग आहेत. लहान पेशींचा प्रकार इतक्या लवकर पसरतो की त्यात शस्त्रक्रियेचा उपयोग क्वचितच होतो. या लेखातील सारे आकडे दुसऱ्या, अधिक आढळणाऱ्या वर्गाचे आहेत.

गाठ पूर्ण काढली, कड स्वच्छ आली, तरी डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी रक्तातून आधीच निसटलेल्या असू शकतात. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या अवस्थेत नंतर रसायनोपचार देतात. पाच मोठ्या पाहण्या एकत्र करून २००८ मध्ये काढलेल्या हिशेबात त्याने पाच वर्षांच्या प्रमाणात सुमारे ५ टक्क्यांची भर पडली. म्हणजे शंभरांत पाच माणसे जास्त. ही वाढ थोडी वाटते खरी. पण त्या पाचांच्या घरच्यांना विचारा!

आता गाठीतील जनुकांचीही तपासणी होते. ई.जी.एफ.आर. नावाच्या जनुकात ठरावीक बदल असेल तर ओसिमर्टिनिब ही गोळी लागू पडते. शस्त्रक्रिया झालेल्या अशा ६८२ रुग्णांच्या पाहणीत, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पाच वर्षांनी गोळी घेणाऱ्यांपैकी ८८ टक्के हयात होते आणि न घेणाऱ्यांपैकी ७८ टक्के. हा बदल आशियाई लोकांत, आणि त्यातही धूम्रपान न करणाऱ्यांत, अधिक आढळतो. कारण हा रोग केवळ विडी-सिगारेटवाल्यांनाच होतो असे नाही. बाहेरच्या प्रदूषित हवेलाही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१३ साली कर्करोगाच्या निश्चित कारणांत गणले आहे.

पाचवे कारण : जे रुग्णाच्या हाती आहे

"आता रोग झालाच आहे, मग विडी सोडून काय उपयोग?" हे वाक्य मी मामांच्याच तोंडून ऐकले. त्याचे उत्तर आकड्यांत आहे. २०१० साली ब्रिटनमध्ये आधीच्या पाहण्या एकत्र करून एक अंदाज काढण्यात आला : सुरुवातीच्या अवस्थेत रोग सापडलेल्या ६५ वर्षांच्या माणसाने धूम्रपान चालू ठेवले तर पाच वर्षांचे प्रमाण ३३ टक्के, सोडले तर ७० टक्के. हा हिशेबाने काढलेला अंदाज आहे, हे खरे. पण दुप्पट फरक दाखवणारे, आणि फुकटचे, दुसरे औषध माझ्या पाहण्यात नाही. मी हे आकडे एका कागदावर लिहून प्रयोगशाळेच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवले. मामांनी ते किती वेळा वाचले ठाऊक नाही. विडीचे बंडल मात्र पुन्हा दिसले नाही.

आकड्यांचा चकवा

आता एक गमतीचे कोडे. वर्गाच्या दोन तुकड्या आहेत.

तुकडी अ : गुण ८०, ७०, ६०, ५०. सरासरी ६५.
तुकडी ब : गुण ४०, ३०, २०. सरासरी ३०.

मुख्याध्यापकांनी ५० गुणांच्या मुलाला अ मधून ब मध्ये पाठवले. आता अ ची सरासरी ७० आणि ब ची ३५ झाली. दोन्ही तुकड्या सुधारल्या! पण एकाही मुलाचा एकही गुण वाढलेला नाही. सातही जणांची सरासरी आधीही ५० होती, आताही ५० च आहे.

कर्करोगाच्या अवस्थांतही नेमके असेच घडते. नव्या यंत्रांनी पूर्वी न दिसणारा बारीक प्रसार दिसू लागतो. असे रुग्ण वरच्या अवस्थेतून काढून पुढच्या अवस्थेत टाकले जातात. मग दोन्ही अवस्थांचे प्रमाण सुधारल्यासारखे दिसते. १९८५ साली अमेरिकेत अल्व्हन फाइनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दाखवले, तेही फुफ्फुसाच्या कर्करोगाच्याच रुग्णांवर. १९७७ मधील रुग्ण १९५३ ते १९६४ मधील रुग्णांपेक्षा प्रत्येक अवस्थेत अधिक जगलेले दिसत होते. पण यंत्रांऐवजी केवळ लक्षणांवरून गट पाडले, तेव्हा हा फरक मावळला.

म्हणून 'लवकर शोधल्याने फायदा होतो' हे सिद्ध करायला पाच वर्षांचे प्रमाण पुरत नाही. घड्याळ आधी सुरू केले तर मधला काळ आपोआप लांबतो. त्यासाठी एकूण मृत्यूच मोजावे लागतात. अमेरिकेत ५३,४५४ धूम्रपान करणाऱ्या, किंवा पूर्वी केलेल्या, लोकांवर तसे मोजले गेले. २०११ च्या निष्कर्षांनुसार, कमी मात्रेच्या सी.टी. स्कॅनने दरवर्षी तपासलेल्यांत या रोगाचे मृत्यू साध्या क्ष-किरण तपासणीपेक्षा २० टक्क्यांनी कमी झाले. येथे मात्र चकवा नव्हता.

आपल्याकडे प्रश्न वेगळाच आहे. क्षयरोग इतका सर्रास आढळतो की छातीतला डाग म्हणजे क्षयच, असे समजून कित्येकदा औषधे सुरू होतात आणि मोलाचे महिने निघून जातात. बहुसंख्य रुग्ण शस्त्रक्रियेची वेळ टळून गेल्यावरच मोठ्या रुग्णालयात पोहोचतात. खोकला तीन आठवड्यांहून अधिक टिकला, थुंकीत रक्त दिसले, किंवा औषधे घेऊनही डाग हटेना, तर पुढची तपासणी करून घ्यावी, हे घरोघरी माहीत असायला हवे.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर

किरणोत्सारी अणुकेंद्राला वय नसते. ते कितीही काळ टिकले तरी पुढच्या क्षणी फुटण्याची त्याची शक्यता तीच राहते. माणसाचे तसे नाही. या शस्त्रक्रियेनंतर रोग उलटण्याची भीती पहिल्या दोन-तीन वर्षांत सर्वाधिक असते, पुढे ती ओसरत जाते. म्हणून पहिल्या दिवशी सांगितलेला आकडा कायमचा नसतो.

आपल्या काल्पनिक उदाहरणाकडे पुन्हा वळू. सुरुवातीला पाच वर्षांचे प्रमाण ५० टक्के होते. दोन वर्षांपर्यंत पोहोचणारे ८० टक्के. मग जो दोन वर्षे पार करून उभा आहे, त्याची पाच वर्षांपर्यंत पोहोचण्याची शक्यता किती? ५० भागिले ८०, म्हणजे साडेबासष्ट टक्के.

मामांना दोन वर्षे पूर्ण झाली. रसायनोपचार झाले, तपासण्या आतापर्यंत स्वच्छ आल्या. ते कामावर आहेत. फक्त जड उपकरणे आता विद्यार्थी उचलतात. मुलगी बारावीला आहे. परवा ती म्हणाली, "सर, आता बाबांचे ५६ राहिले नाहीत. नवा आकडा काढायला पाहिजे."

तो नेमका किती, हे मी तिला सांगितले नाही. ते डॉक्टरांनीच सांगावे. पण कोणता अपूर्णांक कशाने भागायचा, हे तिला आता शिकवावे लागत नाही.

करून पाहा

१. एका रुग्णाची पहिल्या सेकंदातील हवा २.२८ लिटर आहे. डाव्या फुफ्फुसाचा वरचा खंड काढल्यास किती राहील?
२. १ मिलिमीटर व्यासाची गाठ ८ मिलिमीटरची होण्यास आकारमान किती वेळा दुप्पट व्हावे लागेल? एका दुपटीला १०० दिवस लागत असतील तर एकूण दिवस किती?
३. एक मूल एका तुकडीतून दुसरीत गेल्यास दोन्ही सरासऱ्या वाढाव्यात, यासाठी त्याचे गुण कोणत्या दोन संख्यांच्या दरम्यान असले पाहिजेत? कारण द्या.
४. शाळेच्या जिन्याची उंची मोजा. तुम्हाला दम्याचा वा हृदयाचा त्रास नसेल तर नेहमीच्या चालीने चढून वेळ मोजा आणि आपली शक्ती वॅटमध्ये काढा.

उत्तरे : (१) १.६८ लिटर. (२) ९ वेळा, ९०० दिवस. (३) दोन तुकड्यांच्या मूळ सरासऱ्यांच्या दरम्यान. कारण तुम्ही शोधा.